उजवा हात गेला. बॅटरीचा हात घ्यावा, की कोचीला जाऊन खरा बसवून घ्यावा?

डाव्या_अंगठ्यानं

नमस्कार मंडळी. हे सगळं मोबाईलवर डाव्या अंगठ्यानं लिहितोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.

वय २७, तालुका वाळवा. सहा म्हशी, दोन जर्सी, सव्वा एकर ऊस. गेल्या श्रावणात संध्याकाळी कडबाकुट्टीत वाडं घालत होतो. एक पेंडी अडकली, ती हातानं रेटली. मशीन बंद करून रेटायचं असतं हे मला माहीत होतं, माझ्या आज्यालासुद्धा माहीत होतं. पण धारेची वेळ झालेली आणि डेअरीची गाडी साडेसहाला येते. रोलरनं आधी बोटं धरली, मग ओढतच नेलं. भावानं मेन स्विच पाडला तोवर मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत गेलं होतं. जोडण्यासारखं काही शिल्लकच नाही, असं डॉक्टर म्हणाले. कोपर शाबूत आहे, कोपराखाली सहा इंच आहे.

जखम भरली, टाके सुकले. आता घरात रोज एक परिषद भरते.

मामा म्हणतो केरळात मेलेल्या माणसाचा हात काढून बसवतात, व्हिडिओ आहे. थोरला भाऊ मला शहरात एका दुकानात घेऊन गेला. तिथल्या पोरानं बॅटरीचा हात लावून आमच्यासमोर अंडं उचललं, पाण्याची बाटली उचलली, शेकहँड केला. इथला बनवलेला साडेतीन लाखाला, पाचही बोटं वेगळी हलणारा परदेशी वीस लाखाच्या पुढं. दोन म्हशी विकल्या तर पहिला परवडतो. आईनं तर ऑपरेशन झालं त्याच दिवशी डॉक्टरला विचारलं, माझा हात काढून ह्याला चालंल का? डॉक्टर हसला नाही, एवढं त्याचं चांगलं.

धार आता डाव्या हातानं काढतो. एका हातानं दुप्पट वेळ लागतो आणि तोवर म्हैस पान्हा चोरते. गाडी चालवता येत नाही, कारण ॲक्सिलरेटर उजवीकडं. आणि स्थळं बघायला सुरुवात झाली होती, ती बंद.

अजून एक. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. पहाटे चारला जाग येते ती नसलेल्या हाताच्या दुखण्यानं. मूठ घट्ट आवळलेली आणि नखं तळव्यात रुतलेली. उघडायची म्हटलं तर उघडत नाही. करंगळी तर जळते. डोक्यावर परिणाम झालाय काय?

जाहिरातीतलं नको. वापरलेल्यांनी किंवा ह्यात काम करणाऱ्यांनी सांगा.

शिराळ्याचे_अण्णा

मनात जिद्द पाहिजे बाळा! सुधा चंद्रन यांचं उदाहरण डोळ्यासमोर ठेव. अपघातात पाय गेला, जयपूर फूट लावला आणि १९८४ ला परत स्टेजवर नाचल्या. तू तर शेतकऱ्याचा पोर आहेस!!

डाव्या_अंगठ्यानं

अण्णा, जिद्द आहे. पण जिद्दीनं धार निघत नाही.

साचेकार

बावीस वर्षं कृत्रिम हातपाय बनवतोय. पाय शेकडो केले, हात त्या मानानं कमी. सवडीनं वाच, लांबण लागणार आहे.

आधी रात्रीचं बोलू. तुझ्या डोक्यावर काहीही परिणाम झालेला नाही. हात गेला तरी मेंदूत त्याची जागा तशीच असते. मेंदू हुकूम सोडत राहतो, ‘झालं’ असा निरोप उलट येत नाही, म्हणून तो अजून आवळ, अजून आवळ करत बसतो. मूळचे मद्रासचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेत यावर एक साधी युक्ती काढली, तिला फक्त आरसा लागतो. घरातला उभा आरसा छातीसमोर आडवा न धरता तुझ्या मधोमध उभा कर, काचेची बाजू डाव्या हाताकडं. उजवा थोटा हात आरशामागं लपव. आता आरशात बघ, तुला दोन हात दिसतील. दोन्ही मुठी आवळ आणि सावकाश उघड. बघणं महत्त्वाचं. रोज दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन आठवडे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण खर्च शून्य आहे. सोबत डॉक्टरांना दुखण्याचं सांग, त्यावर गोळ्याही असतात. लपवून ठेवू नकोस.

दुसरं, तुझ्या स्टंपचं, म्हणजे उरलेल्या थोट्या हाताचं. सगळे यंत्राचं विचारतात, स्टंपचं कुणी विचारत नाही. अजून टोकाला सूज असणार. क्रेप बँडेज आठाच्या आकड्यात बांधायचं, टोकाकडं घट्ट आणि कोपराकडं सैल होत जाणारं. उलटं बांधलंस तर टोक फुगून दुधीभोपळ्यासारखं होतं आणि मग कुठलाच सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात शिरतो ती कवची, नीट बसत नाही. पहिल्या वर्षात स्टंप बारीक होत जातो. आज माप घेऊन साडेतीन लाखाचा हात केलास, तर पावसाळ्यापर्यंत तो खुळखुळ्यासारखा हलेल आणि दुकानदार म्हणेल, सॉकेट नवीन करावा लागेल, त्याचे वेगळे. पाचही बोटं नाचणारा हात असू दे, सॉकेट टोचत असेल तर आठवड्याभरात तो कपाटावर जातो. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या महागड्या हातांची पहिली तक्रार बोटांची नसते, ‘घाम येतो आणि घसरतो’ ही असते.

आता बॅटरीचा हात चालतो कसा, ते. एक प्रयोग कर. डाव्या हाताची बोटं थोट्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली ठेव. मनातल्या मनात नसलेली मूठ आवळ. कातडीखाली काहीतरी उडी मारल्यासारखं लागेल. मग बाहेरच्या बाजूला बोटं ठेवून मूठ उघड, तिथला स्नायू उडेल. बोटं गेली तरी ती हलवणारे स्नायू कोपराखालच्या भागात शिल्लक आहेत. स्नायू आवळला की अगदी क्षीण वीज तयार होते. सॉकेटच्या आत कातडीला टेकलेली दोन इलेक्ट्रोड ती पकडतात. आतलं पकडलं की मोटर हात मिटते, बाहेरचं पकडलं की उघडते. साध्या मायोइलेक्ट्रिक हाताची एवढीच बाराखडी. वीस लाखाच्या हातातही बहुतेक वेळा संदेश दोनच असतात. पकडींचे प्रकार जास्त, पण ते बदलायला स्नायूच्या खुणा करत बसावं लागतं.

दुकानातल्या त्या पोरानं अंडं उचललं तेव्हा तो कुठं बघत होता, आठव. अंड्याकडंच बघत असणार. हाताला स्पर्श नाही, त्यामुळं डोळा हटवला की अंड्याचं काय होतंय ते कळत नाही. आपण अंधारात खिशातून किल्ली काढतो, ते ह्या हातानं जमत नाही.

आणि तुझा धंदा गोठ्याचा. पाणी, शेण, मूत, वैरणीची कूस. बहुतेक बॅटरी हात पाण्याला टेकवायचे नसतात. वरचा हातमोजा हळदीनं पिवळा होतो, ऑईलनं काळा होतो. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. खऱ्या हाताचंही तेवढंच असतं, पण तो आपल्या हाडाला असतो, हा कातडीला लटकतो.

म्हणून माझं मत, आणि हे ऐकून तुझा भाऊ नाराज होईल: आधी हुक घे. डॉरन्स नावाच्या एका अमेरिकन माणसाचा उजवा हात लाकडाच्या गिरणीत गेला. मिळालेल्या दिखाऊ हातानं काम होईना, म्हणून त्यानं स्वतःच दोन फाकांचा हुक बनवला आणि १९१२ ला पेटंट घेतलं. शंभर वर्षं उलटली, तोच हुक अजून चालतो. पाठीवरून एक पट्टा जातो, त्याला सायकलच्या ब्रेकसारखी केबल. खांदा पुढं ढकलला की हुक उघडतो, सोडला की बुडाशी चढवलेल्या रबरांनी मिटतो. किती ओढ लागली ते खांद्याला कळतं, म्हणजे डोळ्यांशिवाय थोडा अंदाज येतो. पाण्यानं धुता येतो. बिघडला तर गावातला सायकलवाला केबल बदलेल. दिसायला हात दिसत नाही, हा त्याचा एकमेव मोठा दोष, आणि तो लहान दोष नाही हे मला माहीत आहे.

हुक सहा महिने वापर. मग बॅटरीचा हात हवासा वाटला तर आधी पंधरा दिवस ट्रायल माग. ट्रायल देत नाहीत त्यांच्याकडून घेऊ नकोस. पुण्यात वानवडीला लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ पासूनचं, तिथं सिव्हिलियन लोकांचंही काम होतं. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. म्हशी विकण्याआधी ह्या दोन दारांत जा.

फक्त उशीर करू नकोस. डावा हात फार हुशार असतो. वर्षभरात तो सगळं एकटा शिकतो आणि मग दुसरं काही लावायची इच्छाच राहत नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात गेल्यास १ लाख मिळतात. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज. केलास का? मुदत असते.

डाव्या_अंगठ्यानं

अर्ज भावानं केलाय. पोलीस पाटलाच्या दाखल्यापाशी अडकलाय.

तुमचा प्रयोग आत्ता करून बघितला. उडी लागते हो! आतल्या बाजूला चांगली, बाहेरच्या बाजूला बारीक. आईचं बोट ठेवून तिला दाखवलं. तिनं हात झटकन काढून घेतला आणि मग परत ठेवला.

गोथेनबर्गकर

मूळचा इचलकरंजीचा, स्वीडनमध्ये वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात इंजिनिअर. साचेकारांच्या हुकाला नाकं मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१६ मध्ये झुरिकजवळ क्लोटेनला सायबॅथलॉन झाली, म्हणजे अपंग स्पर्धक आणि त्यांची यंत्रं यांची शर्यत. कृत्रिम हाताच्या गटात दोरीवर कपडे अडकवा, नाश्त्याचं टेबल लावा अशी कामं होती. मोटरवाल्या बोटांचे भारी भारी हात उतरले होते. पहिला आला तो खांद्याच्या पट्ट्यानं ओढायचा, बिनबॅटरीचा हात लावलेला माणूस. आमच्या ऑफिसात त्या दिवशी जरा शांतताच होती.

सॉकेटच्या कटकटीवर इथं एक वेगळी वाट निघाली आहे. टायटेनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडिश डॉक्टर ब्रॅनेमार्क यांना सशांवर काम करताना दिसलं. त्यातून आधी दातांची इम्प्लांट आली, १९९० मध्ये इथंच मांडीच्या हाडात पहिला रॉड बसवला. कृत्रिम अवयव थेट त्या रॉडला अडकतो, सॉकेटच नाही. २०१३ मध्ये इथल्या एका ट्रक ड्रायव्हरला कोपराच्या वर तसा रॉड बसवून इलेक्ट्रोडही आत, स्नायू आणि नसांवर ठेवले. घाम आला, हात डोक्यावर नेला, तरी संदेश तुटत नाही. पण रॉड कातडीतून बाहेर येतो, ती जागा आयुष्यभर स्वच्छ ठेवावी लागते. गोठ्यात रोज शेण काढणाऱ्याला मी हे सुचवणार नाही. शिवाय तुझं कोपर आणि सहा इंच शाबूत आहेत, सॉकेट बसायला ही चांगली लांबी आहे.

खडू_आणि_फळा

कोचीच्या बाजूनं कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते. मला हात नव्हे, मूत्रपिंड बसवलेलं आहे. २०१३ मध्ये आईनं दिलं. नाशिकला शाळेत शिकवते, आणि सुट्टीत अवयवदानाचं काम करणाऱ्यांबरोबर नातेवाइकांशी बोलायला जाते.

आधी तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या आईचं मूत्रपिंड चाललं, कारण एकावर माणूस जगतो, आणि कायद्यानं आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं यांना ते देता येतं. हात फक्त मेंदूमृत व्यक्तीचा घेतात. त्यांना सांग की त्यांनी विचारलं ते वेड्यासारखं नव्हतं. माझ्या आईनंही डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला होता. फक्त तिच्या प्रश्नाला उत्तर ‘हो’ होतं.

मामा म्हणतात ते खरं आहे. १९६४ मध्ये इक्वेडोरला पहिला प्रयत्न झाला, तो हात दोन आठवड्यांत काढावा लागला, कारण शरीरानं परका हात नाकारू नये म्हणून लागणारी तेवढी चांगली औषधंच तेव्हा नव्हती. मग १९९८ मध्ये फ्रान्समध्ये ल्याँला न्यूझीलंडच्या एका माणसाला हात बसवला. ऑपरेशन उत्तम झालं. पण त्याला तो हात आपला वाटेना, औषधं घेणं त्यानं सोडलं, आणि २००१ मध्ये त्यानंच तो काढून टाकायला लावला. उलट १९९९ मध्ये अमेरिकेत लुईव्हिलला बसवलेला हात दोन दशकांहून जास्त टिकला. आपल्याकडं पहिलं ऑपरेशन कोचीला अमृता रुग्णालयात जानेवारी २०१५ मध्ये, डॉ. सुब्रमण्यम अय्यर यांच्या चमूनं केलं. पुण्याच्या एका मुलीला तिथंच २०१७ मध्ये कोपराच्या वरून दोन्ही हात बसवले. मुंबईत २०२० मध्ये परळला झालं. घाटकोपर स्टेशनवर दोन्ही हात गमावलेल्या मुलीसाठी चेन्नईहून विमानानं हात आणले होते. मधली सहा वर्षं तिनं कृत्रिम हातांवर काढली होती.

ह्या दोघींचे दोन्ही हात गेले होते, हे लक्षात घे. तुझा एक आहे.

फरक का पडतो ते माझ्या शरीरावरून सांगते. सकाळी ९ आणि रात्री ९ ला मी टॅक्रोलिमस घेते. गेली बारा वर्षं. लग्नात पंगतीला बसले असले तरी नऊला पर्समधून डबी निघते. जोडीला मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड. शरीर परक्या अवयवाला हाकलायला बघतं, त्याला ही औषधं झोपवून ठेवतात. पण पहारेकरी झोपला की चोरही आत येतात. मला साधी सर्दी पंधरा दिवस राहते. मला त्या औषधांनीच मधुमेह झाला. औषधाची रक्तातली पातळी कमी झाली तर अवयव जाईल, जास्त झाली तर तेच औषध मूत्रपिंडाला मारतं. म्हणून सतत तपासण्या, आणि तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. पपनस बंद, कारण त्यानं औषधाची पातळी भलतीच चढते. कोकणात सासर आहे, परसात पपनसाचं झाड आहे, दर वर्षी फळं शेजारी जातात. महिन्याला औषधांचे साधारण ९ हजार. आणि टॅक्रोलिमसनं हात थरथरतात. माझं अक्षर शाळेत सुंदर म्हणून प्रसिद्ध होतं. आता फळ्यावर ‘क्ष’ काढताना खडू दोनदा टेकवावा लागतो. जे औषध बसवलेला हात टिकवतं, तेच हाताला कंपही देतं, ह्याची मला गंमत वाटते. तुला वाटणार नाही कदाचित.

मी हे सगळं आनंदानं करते, कारण नाहीतर आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस होतं. मी आधीच पेशंट होते, ऑपरेशननं बरी पेशंट झाले. तू पेशंट नाहीस. जखम भरलेला धडधाकट माणूस आहेस. एका हातासाठी तू आयुष्यभराचा पेशंट होशील.

गोठ्याचं तर बोलायलाच नको. मला बजावून सांगितलंय की कच्चं दूध नाही, शेणखतात हात नाही, कुजलेल्या वैरणीची धूळ नाही. सहा म्हशींचं काय करशील?

शिवाय नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. तुझ्या स्टंपपासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला नऊ-दहा महिने आणि तोवर रोजची फिजिओथेरपी, कोचीत घर करून. पोचली की मात्र स्पर्श मिळतो. गरम-गार कळतं. असा स्पर्श बाजारातलं कुठलंच यंत्र देत नाही, हेही खोटं सांगणार नाही.

एक देणाऱ्यांच्या बाजूचं. मी ज्या घरांशी बोलले तिथं मूत्रपिंडाला, यकृताला लोक हो म्हणतात. हाताचं नाव काढलं की थांबतात. एका बहिणीनं विचारलं होतं, ‘राखी ह्याच हाताला बांधली ना मी?’ पोटातलं दिसत नाही, हात दिसतो. म्हणून हात काढल्यावर देहाला कृत्रिम हात बसवून मग घरच्यांच्या ताब्यात देतात. त्या बहिणीनं शेवटी नाही म्हटलं. बाकी सगळं दिलं. आम्ही पुन्हा विचारलं नाही.

डाव्या_अंगठ्यानं

मॅडम, आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, त्या बाईची आई कशी आहे आता, विचार.

खडू_आणि_फळा

७४ वर्षांची आहे. एका मूत्रपिंडावर रोज सकाळी मला फोन करून गोळी घेतलीस का विचारते.

विळीवाली

मला जन्मापासून डावा हात कोपराखाली नाही. वय ४१, रत्नागिरी, दोन मुलं, पोस्टात नोकरी. यंत्र लावत नाही. लहानपणी एक दिखाऊ हात करून दिला होता, तो फक्त फोटोच्या दिवशी निघायचा आणि बाकी दिवस माझा भाऊ त्यानं पाठ खाजवायचा.

तुझं वेगळं आहे, तुझं होतं ते गेलंय. मला कधी दुखलं नाही, तुला दुखतंय. म्हणून उपदेश नाही, दोन-चार कामाच्या गोष्टी फक्त. सुरीनं भाजी चिरायला दोन हात लागतात, विळीला एक पुरतो, पातं पायाखाली घट्ट असतं. नारळ त्याच विळीवर खवते, वाटी थोट्या हातानं दाबून. नाडीच्या जागी इलॅस्टिक. शर्टाची वरची बटणं लावूनच डोक्यातून घाल. ताटाखाली ओलं फडकं ठेव, ताट सरकत नाही. गाडीचं आरटीओत विचार, ॲक्सिलरेटर डावीकडं घेतलेली बदललेली गाडी आणि तसं लायसन्स मिळतं. आणि धारेचं मशीन का नाही घेत? एक बादलीवालं मशीन साडेतीन लाखाच्या पासंगालाही लागणार नाही. हाताचं काम हातानंच झालं पाहिजे असं कुठं लिहिलंय?

स्थळांचं. मला बघायला अकरा जण आले. नऊ जण हाताकडं बघत बसले, एक जण हात सोडून सगळीकडं बघत बसला, तो तर जास्त वाईट. अकरावा म्हणाला, ‘चहा तुम्ही केलात? ट्रे कसा आणलात?’ त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी उठून दाखवलं.

शिराळ्याचे_अण्णा

ताई, मी जिद्दीचं बोललो ते मागे घेतो. पण चिनी थ्रीडी प्रिंटरवर पाच हजारात प्लॅस्टिकचा हात निघतो म्हणतात, ते काय आहे?

साचेकार

निघतो. लहान मुलांना बरा. मूल वाढतं, दर वर्षी नवा लागतो, तिथं स्वस्त प्लॅस्टिकचा हात शहाणपणाचा. पण त्यानं वैरणीची पेंडी उचलायची म्हटली तर पहिल्याच दिवशी बोट निखळेल. अण्णा, तुम्ही कुणाला घेऊन देत असाल तर घ्या, ह्याला नको.

डाव्या_अंगठ्यानं

(पाच महिन्यांनी)

कुणी हा धागा वाचत असेल तर पुढचं सांगतो.

म्हशी विकल्या नाहीत. वानवडीला दोन खेपा झाल्या. पहिल्यांदा त्यांनी नुसतं बँडेज शिकवून परत पाठवलं, तेव्हा भाऊ चिडला होता. दुसऱ्यांदा प्लास्टरचा साचा घेतला. ओलं प्लास्टर कोपराभोवती थंड लागतं, मग गरम होत जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हुक बसला. पहिले आठ दिवस खांदा असा भरून यायचा, जणू दिवसभर मोट ओढलीय. आता पेंडी उचलतो, खोरं धरतो, बादलीची कडी अडकवतो. मोबाईल धरता येत नाही, त्यासाठी अजून डावा अंगठाच.

धारेचं मशीन घेतलं. पाच म्हशी मशीनला लागल्या. सहावी, थोरली, ती मशीन बघितलं की लाथ झाडते. तिची डाव्या हातानंच काढतो. पान्हा अजून चोरते, पण कमी.

आरशाचं. आईच्या कपाटाचा आरसा पलंगावर उभा करून सुरू केलं. पहिले पाच-सहा दिवस येड्यासारखं वाटलं. मग एका पहाटे मूठ उघडली. नुसती उघडली. मी तसाच बसून राहिलो आणि आई चहा घेऊन आली तर तिला काय सांगावं कळेना. करंगळी अजून जळते. ती उघडायचं नाव घेत नाही.

बॅटरीच्या हाताची ट्रायल मागितली, दुकानवाला नाही म्हणाला, मग मीही नाही म्हणालो. योजनेचे पैसे अजून आले नाहीत.

एक स्थळ आलं होतं. मुलीनं हुक हातात घेऊन बघितला, खांदा कसा हलतो विचारलं. पुढं काय होतंय बघू. विळीवाल्या ताईंना सांगायचं म्हणून लिहिलं.

साचेकार दादा, एक विचारायचंय. हुकाच्या बुडाशी जी रबरं असतात, त्यातली दोन तुटली. पकड ढिली झालीय, दुधाचा कॅन सुटतो. सायकलची ट्यूब कापून चढवली तर चालेल का?

साचेकार

चालते, दोन दिवस. ट्यूबला तेल-शेण लागलं की कुजते आणि भरलेल्या कॅनखाली तुटली तर पायावर घेशील. किती रबरं होती मोजून सांग. त्याहून एकही जास्त चढवू नकोस, पकड वाढते पण उघडताना खांदा जातो. मी दोन डझन एसटी पार्सलनं इस्लामपूर स्टँडवर टाकतो. तोवर कॅन डाव्या हातानं.